कोरी निघालेली चिठ्ठी: एका कललेल्या अरोकेरियाच्या घडत्या लाकडाचा प्रकरण अभ्यास

गेल्या वर्षी जुलैमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका कॉलनीत, बंगल्याच्या कुंपणालगतचे अरोकेरियाचे झाड महापालिकेची रीतसर परवानगी घेऊन तोडण्यात आले. नर्सरीवाले 'ख्रिसमस ट्री' म्हणून ज्याची रोपे विकतात तेच हे झाड. शास्त्रीय नाव अरोकेरिया कॉलम्नॅरिस. ते दक्षिणेकडे, म्हणजे विजेच्या तारांकडे, इतके कलले होते की पावसाळी वाऱ्यात त्याचा शेंडा तारांना टेकेल अशी धास्ती घरमालकांना वाटत होती. आमच्या विभागात एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी त्याच गल्लीत राहते. तिला प्रकल्पासाठी सूचिपर्णी झाडाचे घडते लाकूड, म्हणजे सालीखाली अजून तयार होत असलेले लाकूड, हवे होते, आणि नाशिकमध्ये जिवंत सूचिपर्णी खोडाचा ताजा तुकडा मिळणे ही काही रोजची गोष्ट नाही.

त्याआधी तिने सुरूच्या झाडाचा विचार केला होता. सुरूची हिरवी, सुईसारखी लोंबणारी डहाळी पाहून त्याला सूचिपर्णी समजण्याची चूक आपल्याकडे शिकलेली माणसेही करतात. सुरू हा फुले येणारा वृक्ष आहे, त्याच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या, म्हणजे व्हेसल, असतात आणि त्याच्या लिग्निनची, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याची, घडणही वेगळी असते. खऱ्या सूचिपर्णी लाकडात व्हेसल नसतात. त्यातील सुमारे ९० टक्के भाग ट्रॅकीड या एकाच प्रकारच्या लांब, बंद टोकांच्या पेशींनी बनलेला असतो. पेशीभित्तिकेतील घटक कोणत्या थरात किती आहेत हे पाहायचे असेल तर ही एकजिनसी रचना फार सोयीची ठरते.

झाड आडवे झाल्यावर तिने छातीच्या उंचीवरून दोन ठोकळे काढले. एक कलाच्या बाजूचा, म्हणजे खालचा, आणि दुसरा त्याच्या नेमका विरुद्ध, वरचा. प्रत्येक ठोकळ्यात साल, कॅम्बियम (नव्या पेशी तयार करणारा सालीखालचा पातळ थर) आणि आतले दोन-अडीच सेंटिमीटर लाकूड होते. दोन्ही ठोकळे फॉर्मॅलिन, ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात दोन बाटल्यांत ठेवले गेले. चिठ्ठी बाटलीवर चिकटवू नकोस, आत टाक, म्हणजे निघून पडणार नाही, असे मीच तिला सांगितले होते. ती पेन्सिलीने लिहावी लागते हे सांगायचे मात्र राहून गेले. सप्टेंबरमध्ये बाटल्या उघडल्या तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. जेल पेनची शाई अल्कोहोलने पार धुऊन नेली होती. आमच्या प्रयोगशाळेतले मामा गेली अनेक वर्षे प्रत्येक टेबलावर पेन्सिलीचे तुकडे का ठेवतात, हे त्या दिवशी तिला आणि पुन्हा एकदा मलाही कळले.

अशा रीतीने प्रकल्पाचा मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि त्याच्या आधीचा एक प्रश्न समोर आला: यातील खालच्या बाजूचा ठोकळा कोणता? बाटल्यांना आम्ही १ आणि २ असे क्रमांक दिले आणि उत्तर पेशीभित्तिकेकडूनच काढायचे ठरवले.

कललेल्या सूचिपर्णी खोडाच्या खालच्या बाजूस कॉम्प्रेशन वूड, म्हणजे दाबाकडचे लाकूड, तयार होते. ते गडद, तांबूस, जड आणि ठिसूळ असते. त्यामुळे रंग पाहून ठोकळा ओळखता यावा अशी पहिली अपेक्षा होती. ती फोल ठरली, कारण दोन महिने द्रावणात राहून आणि राळेचा डाग सर्वत्र पसरून दोन्ही ठोकळे सारखेच मळकट पिवळे झाले होते. वाढीच्या वलयांची रुंदी मोजावी, तर या झाडात वलयेच धूसर होती. तेव्हा मायक्रोटोमशिवाय, म्हणजे अतिशय पातळ छेद घेणाऱ्या यंत्राशिवाय, मार्ग उरला नाही.

घडत्या लाकडाचे छेद घेणे तसे कटकटीचे असते. कॅम्बियमलगतच्या पेशींच्या भित्तिका इतक्या पातळ आणि ओल्या असतात की पाते लागताच त्या फाटतात, आणि दोन मिलिमीटर आत गेले की तेच लाकूड पात्याची धार घालवते. ठोकळ्याचे बारीक तुकडे पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये मुरवून घेतल्यावर कुठे सालीपासून पक्क्या लाकडापर्यंतचे सलग छेद मिळू लागले. पहिल्या आठवड्यातील बहुतेक छेद कचऱ्यात गेले, हेही येथे नोंदवायला हवे.

अशा आडव्या छेदात पेशींच्या सरळ रांगा दिसतात. एका रांगेतील सगळ्या पेशी कॅम्बियमच्या एकाच मूळ पेशीपासून निघालेल्या, पाठच्या भावंडांसारख्या असतात. सालीकडची पेशी सर्वांत धाकटी आणि गाभ्याकडची सर्वांत थोरली. म्हणून रांग वाचणे म्हणजे एकाच पेशीचा जीवनक्रम वाचणे. मायर आणि विल्की यांनी १९५९ मध्ये याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. एकाच ट्रॅकीडच्या भित्तिकेचे थर सोलून वेगळे करता येत नाहीत; पण पहिलाच थर झालेल्या पेशी, दुसरा थर चढू लागलेल्या पेशी आणि पूर्ण झालेल्या पेशी वेगवेगळ्या गोळा करून त्यांतील शर्करांचे पृथक्करण केले, तर वजाबाकीने प्रत्येक थरात काय पडले याचा हिशेब मांडता येतो. मायर यांनी १९६१ मध्ये स्प्रूसच्या लाकडासाठी दिलेले आकडे पाहिले, तर मध्यपटल, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणारा थर, आणि पेशीची पहिली, पातळ प्राथमिक भित्तिका मिळून जो भाग होतो, त्यातील बहुशर्करांत सेल्युलोज जेमतेम एक तृतीयांश आहे आणि अराबिनन व गॅलॅक्टन ही पेक्टिनच्या घरातील द्रव्ये मिळून त्याहूनही अधिक आहेत. प्राथमिक भित्तिकेच्या आत नंतर चढणाऱ्या द्वितीयक भित्तिकेच्या मधल्या, जाड थरात, ज्याला एस-२ म्हणतात, सेल्युलोजचा वाटा सुमारे ६४ टक्क्यांवर जातो, ग्लुकोमॅनन ही दुसरी बहुशर्करा पाव हिश्श्याच्या आसपास असते आणि अराबिनन जवळपास नाहीसे होते. हे आकडे लिग्निन वगळून केवळ बहुशर्करांचे आहेत, हे विद्यार्थी हमखास विसरतात.

आमच्याकडे शर्करांचे पृथक्करण करण्याची सोय नव्हती; रंग, ध्रुवित प्रकाश आणि एक उसना मिळालेला फ्ल्युओरेसन्स सूक्ष्मदर्शक एवढ्यावरच काम भागवायचे होते. बाटली क्रमांक १ मधील छेद टोलुइडीन ब्लूने रंगवला तेव्हा कॅम्बियमजवळच्या पेशी जांभळ्या दिसल्या, म्हणजे तेथे पेक्टिनची सत्ता होती. रांगेत आत जाता जाता एका टप्प्यावर चार पेशी जेथे मिळतात त्या कोपऱ्यांत हिरवट निळे ठिपके उमटले होते, आणि तेवढेच. पेशींच्या कडा अजून जांभळ्याच होत्या. आणखी दोन-तीन पेशी आत गेल्यावर ठिपक्याला ठिपका जोडणारी निळी रेघ मध्यपटलातून गेली होती, आणि त्यानंतर भित्तिका आतपर्यंत निळसर होत गेली होती. ठिपक्यांची रांगोळी जशी घातली जाते, आधी ठिपके, मग रेघा आणि शेवटी रंग, तसा हा क्रम होता. लिग्निन पेशीच्या कोपऱ्यात प्रथम उतरते आणि तेही द्वितीयक भित्तिकेचा पहिला थर, एस-१, पडू लागण्याच्या सुमारास, ही गोष्ट पुस्तकात अनेकदा वाचलेली असली तरी एका छेदात ती अशी ओळीने दिसली की माणूस थोडा वेळ नोंदी घ्यायचे विसरतो. जपानमध्ये तेराशिमा आणि फुकुशिमा यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण लावलेली लिग्निनची पूर्वद्रव्ये पाइनच्या फांदीला पाजून हाच क्रम अधिक बारकाईने दाखवला होता. लिग्निनचे वेगवेगळे घटकही एकाच वेळी न उतरता पाठोपाठ उतरतात हे त्यांच्या कामातून पुढे आले.

येथे आमच्या विद्यार्थिनीने वहीत एक वाक्य लिहिले: "बहुतेक लिग्निन पेशीच्या कोपऱ्यात आणि मध्यपटलात असते." डोळ्यांना जे दिसते त्यावरून हा निष्कर्ष स्वाभाविक वाटतो, पण तो चुकीचा आहे. फर्गस, प्रॉक्टर, स्कॉट आणि गोरिंग यांनी १९६९ मध्ये ब्लॅक स्प्रूसच्या छेदांवर अतिनील सूक्ष्मदर्शकाने केलेल्या मोजमापानुसार, हंगामाच्या सुरुवातीच्या लाकडात कोपऱ्यातील द्रव्याचा सुमारे ८५ टक्के भाग लिग्निन असतो, संयुक्त मध्यपटलाचा (मध्यपटल आणि त्यालगतच्या प्राथमिक भित्तिका) सुमारे ५० टक्के आणि द्वितीयक भित्तिकेचा सुमारे २२ टक्के. तरीही त्या लाकडातील एकूण लिग्निनपैकी सुमारे ७२ टक्के द्वितीयक भित्तिकेतच असते, कारण भित्तिकेचे बहुतांश आकारमान तिनेच व्यापलेले असते. मी तिला एवढेच विचारले की, बुधवारच्या बाजाराला गंगाघाटावर गर्दी सर्वांत दाट असते, म्हणून त्या वेळी नाशिकची बहुतेक माणसे गंगाघाटावर असतात का? तिने वाक्य खोडले आणि 'बहुतेक'च्या जागी 'सर्वांत दाट' असे लिहिले. पुढील सारे निदान याच फरकावर उभे राहिले, म्हणून हे प्रकरणात नोंदवणे आवश्यक वाटते.

बाटली क्रमांक २ मधील लाकडात आतील पेशी जाड भित्तिकांच्या होत्या. तिचे पहिले मत असे की हे हंगामाच्या शेवटचे लाकूड असावे, कारण तेही जाड भित्तिकांचे असते. पण हंगामाच्या शेवटच्या ट्रॅकीड रांगेच्या दिशेने चपट्या आणि चौकोनी असतात, आणि शेजाऱ्याला घट्ट चिकटलेल्या असतात. येथे पेशी गोल होत्या आणि त्यांच्या कोपऱ्यांत मोकळ्या फटी होत्या. शिवाय ही जाडी एका पट्ट्यापुरती नव्हती. छेदाच्या आतल्या टोकापर्यंत ती तशीच होती.

मग दोन्ही बाटल्यांची तुलना करताना तिने कॅम्बियमपासून दहावी पेशी, पंधरावी पेशी असे मोजून समोरासमोर ठेवायला सुरुवात केली. यात एक अडचण होती. खालच्या बाजूस वाढ वेगाने होते, त्यामुळे दोन बाजूंच्या दहाव्या पेशी एकाच वयाच्या असतीलच असे नाही. एकीत भित्तिका अर्धी झालेली असेल आणि दुसरीत अजून सुरूही नसेल. जागेवरून तुलना करून चालणार नव्हते, टप्प्यावरून करायला हवी होती, आणि टप्प्याची खूण ध्रुवित प्रकाशाने मिळते. एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून छेद पाहिला की वाढत्या, केवळ प्राथमिक भित्तिका असलेल्या पेशी जवळजवळ काळोख्या दिसतात, आणि जेथे एस-१ पडू लागतो तेथे रांगेत एकदम उजेड होतो, कारण त्या थरातील सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू पेशीच्या अक्षाला आडवे, एका दिशेने रचलेले असतात. ज्या पेशीत हा उजेड प्रथम दिसला तिला आम्ही दोन्ही बाजूंच्या रांगेत शून्य क्रमांक दिला आणि तेथून पुढे मोजणी केली.

शून्यावरून मोजल्यावर चित्र स्वच्छ झाले. बाटली १ मधील पूर्ण वाढलेल्या ट्रॅकीडमध्ये उजेडाची दोन कडी दिसत होती: बाहेर एस-१ चे, आत पोकळीलगत एस-३ चे, आणि दोहोंच्या मध्ये मंद दिसणारा जाड एस-२. एस-२ मंद दिसतो कारण त्यातील सूक्ष्मतंतू अक्षाला जवळजवळ समांतर असतात. बाटली २ मध्ये आतले कडे नव्हतेच. एस-३ थर नव्हता, आणि एस-२ मात्र जागच्या जागी अधिक उजळ होता, कारण त्यातील तंतूंचा कोन मोठा होता. कॉम्प्रेशन वूडमध्ये तो साधारण ३० ते ५० अंश असतो.

लिग्निनचा पुरावा याहून ठळक निघाला. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर बाटली १ मधील पेशींत कोपरे आणि मध्यपटल गडद लाल आणि आतली भित्तिका फिकट लाल झाली, जसे अपेक्षित होते. बाटली २ मध्ये सर्वांत गडद रेषा मध्यपटलावर नव्हती. ती भित्तिकेच्या आत, एस-१ च्या लगेच पलीकडे, एस-२ च्या बाहेरच्या भागात, पूर्ण वर्तुळाच्या आकाराची होती. फ्ल्युओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली, कोणताही रंग न लावता, तेच वर्तुळ लख्ख उजळले. प्रत्येक पेशीत एक, जणू अंधारात ठेवलेल्या बांगड्या. हा थर लिग्निनने समृद्ध असतो आणि कॉम्प्रेशन वूडची ती ओळखीची खूण आहे. फ्लोरोग्लुसिनॉलचा लाल रंग लिग्निनमधील ठरावीक अल्डिहाइड गटांमुळेच येतो. त्यावरून लिग्निनचे प्रमाण मोजता येत नाही. म्हणून दोन वेगळ्या पद्धतींनी एकच वर्तुळ दिसणे महत्त्वाचे होते.

बाहेरच्या एस-२ मध्ये केवळ लिग्निनच वाढते असे नाही. सर्वसाधारण सूचिपर्णी लाकडात गॅलॅक्टन अगदी थोडे असते. तीव्र कॉम्प्रेशन वूडमध्ये ते सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाते आणि ठरावीक द्रव्यालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी केलेल्या अभ्यासांत ते मुख्यतः याच लिग्निनसमृद्ध वर्तुळात सापडते. सेल्युलोज आणि ग्लुकोमॅनन तेवढ्या प्रमाणात कमी होतात. अशी प्रतिपिंडे आमच्याकडे असती तर निदान एका दिवसात झाले असते.

एवढे झाल्यावरही अर्धा दिवस ती साशंक होती, आणि शंका अगदी रास्त होती. कॉम्प्रेशन वूडच्या प्रत्येक वर्णनात एस-२ मधील मळसूत्री फटींचा उल्लेख असतो. पाइनच्या उभ्या छेदात त्या तिरप्या रेघांसारख्या साध्या सूक्ष्मदर्शकानेही दिसतात. तिने बाटली २ चे कितीतरी उभे छेद पाहिले आणि एकही फट सापडली नाही. याचे कारण झाडाच्या कुळात होते. पाइन आणि स्प्रूसमध्ये असणाऱ्या या फटी अरोकेरिया, अगॅथिस आणि गिंको यांच्या कॉम्प्रेशन वूडमध्ये नसतात. त्याच उभ्या छेदात ट्रॅकीडच्या भित्तिकेवर षटकोनी, दाटीवाटीने एकाआड एक बसलेली खळगीही दिसली, मधाच्या पोळ्यासारखी. अरोकेरियाच्या कुळाची ती खास खूण असल्याने ज्या झाडातून ठोकळे घेतले ते हेच, एवढे तरी नक्की झाले.

बाटली १ मध्ये एके ठिकाणी, साधारण आठ-दहा पेशींच्या टापूत, एस-२ च्या बाहेरच्या कोपऱ्यांवर क्षीण चंद्रकोरी उजळत होत्या. सौम्य कॉम्प्रेशन वूडमध्ये लिग्निनचे वर्तुळ पूर्ण न होता असे कोपऱ्यापुरतेच राहते. खोडाच्या वरच्या बाजूस ते का आले असावे याचा अंदाज बांधता येईल, एखाद्या वर्षीच्या वाऱ्याने झाड काही काळ उलट बाजूस झुकले असेल, पण छेदात त्याचा पुरावा नाही आणि म्हणून अहवालात ती केवळ नोंद म्हणून राहिली.

बाटली २ म्हणजे खालची बाजू, हे पेशीभित्तिकेने सांगितले होते. तरी ज्या पुराव्याने निदान केले त्यानेच ते तपासले असे होऊ नये म्हणून आम्ही त्या कॉलनीत पुन्हा गेलो. बुंधा जमिनीपासून फूटभर उंचीवर अजून शाबूत होता. कापलेल्या पृष्ठावर गाभा मध्यभागी नव्हता, उत्तरेकडे सरकलेला होता, आणि दक्षिणेकडचा रुंद भाग पावसाने भिजून स्पष्ट तांबूस दिसत होता. माळीकाकांनी, झाड तोडणाऱ्या माणसाने त्या दिवशी काय म्हटले होते, ते न विचारता सांगितले: "या अंगाला करवत अडते, लाकूड काचेवानी हाय." दक्षिणेकडून घेतलेल्या चिपेत लिग्निनचे तेच वर्तुळ होते, उत्तरेकडच्या चिपेत ते नव्हते.

घरमालकांचा प्रश्न मात्र वेगळा होता. या लाल लाकडामुळेच झाड वाकले ना, असे त्यांनी विचारले. कार्यकारणभाव नेमका उलटा आहे. झाड कलल्यावर त्याला पुन्हा उभे करण्यासाठी खालच्या बाजूस हे लाकूड तयार होते. एस-२ मधील मोठ्या कोनाचे तंतू आणि त्यांच्यात उतरणारे लिग्निन यांमुळे पेशी लांबीच्या दिशेने ताणू पाहतात आणि खोडाला वर ढकलतात. या झाडात ते ढकलणे पुरे पडले नव्हते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील याच जातीच्या २५६ झाडांची मोजणी झाली होती आणि ती सरासरी साडेआठ अंशांनी कललेली आढळली होती, तीही बहुतेक सगळी विषुववृत्ताच्या दिशेने. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तेव्हा कुंपणालगतचे हे झाड दक्षिणेकडे का कलले याचे उत्तर तारांत किंवा वाऱ्यात शोधण्याची गरज नव्हती. घरमालकांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले की, मग दुसरे लावायचे झाले तर ते कुंपणाच्या उत्तरेला लावावे का? तारांपासून लांब असेल तर चालेल, असे आम्ही सांगितले, आणि दोन चिपा तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीत घालून, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या आत सोडून, परत आलो.